सहा खोबणी, उजवा पीळ

शुक्रवारी रात्री साडेनऊला
धनकवडीत, इम्तियाजच्या गॅरेजवरच्या खोलीत,
साल असतं दोन हजार चौऱ्याण्णव.
मुठा स्लॅबखाली गेलेली,
स्वारगेट नऊ मजले वर, चार मजले खाली,
आणि सातव्यावर, चहाच्या यंत्रापाशी,
एक माणूस पालथा.
मी सांगते ते घडतं. माझ्यापुढे पुठ्ठ्याचा पडदा,
पडद्यामागे फासे.

"गोळी शोधते," ओवी म्हणाली. सतरा पडले.
सापडली. भिंतीत, फरशीमागे,
नाक चेपलेलं, कंबर शाबूत.

कंबर महत्त्वाची, मी म्हटलं.
नळी गोळीला सोडते ती ओरखडून सोडते.
सहा खोबणी, उजवा पीळ,
आणि त्यांच्यामधल्या बारीक रेघा फक्त त्या नळीच्या.
एकाच यंत्रावर एकाच दुपारी कापलेल्या दोन नळ्यासुद्धा
बहिणी असतात, जुळ्या नसतात.

हे मी तीन रात्री वाचून काढलेलं.
दिवसा मी दस्त नोंदवते: फोटो, अंगठा, साक्षीदार, पुढचा.
म्हणून माझ्या पुण्यात नियम आहे
की परवान्याच्या दिवशी प्रत्येक बंदूक
पाण्याच्या टाकीत एकदा झाडायची
आणि ती ओली गोळी पाकिटात घालून, शिक्का मारून,
गणेशखिंडीतल्या तळघरात ठेवायची.
कायमची.

फिरदौस हसला. "नोंदलेल्या बंदुकीने कोण मारतं?
आमच्यात कोणाची आहे नोंदलेली?"
खरंच. एकाची मंगळवार पेठेत छापलेली,
एकाची पैजेत जिंकलेली,
ओवीची मेलेल्या पहारेकऱ्याच्या पट्ट्यातली, नंबर घासलेला.

तरी तळघरात गेलेच ते.
भिंगाखाली दोन गोळ्या शेजारी शेजारी, मधे एक रेघ.
एक फिरवायची. अजून थोडी.
रेघा रेघांना मिळेपर्यंत.
यशोधनने फासा टाकला तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं,
आईशप्पथ नव्हतं.
वीस पडले म्हणून मी नोंदवही उघडली
आणि वहीत एकच नाव होतं.
आमच्या सबंध जगात एकच.

भास्कर दीप्त. रखवालदार. राहणार कात्रज, पातळी दोन.

कोणी बोललं नाही. खाली कोणीतरी स्कूटर लावली.

श्रीरंग भोंडवेचा भास्कर.
तीन वर्षांपूर्वी त्याने एक आख्खी रात्र घालवलेली
ती बंदूक घेण्यात:
अर्ज, शुल्क, दोन साक्षीदार, टाकी.
आम्ही ओरडलो, अरे, खेळ आहे हा!
"म्हणूनच," तो म्हणाला, "बाहेर कुठे
सगळं रीतसर करायला मिळतं?"
मग चाकणला दुसरी पाळी लागली.
मग मुलगी झाली.
मग ग्रुपवर नुसते अंगठे.
भांडण वगैरे काही नाही. खुर्ची तेवढी राहिली,
तिच्यावर आता हेल्मेटं असतात.

"विकली असेल त्याने," इम्तियाज म्हणाला.
हस्तांतराची नोंद नाही, मी म्हटलं, ऑफिसातल्या आवाजात,
आणि माझं मलाच कसंतरी झालं.
ज्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही
ते चौघं इथे शेंगदाणे खात बसलेले,
आणि सापडला तो,
ज्याने पाण्यावर गोळी झाडताना वर लिहिलं होतं: "पाण्याची माफी मागतो."

फाइलच्या तळाशी त्याचा कागद निघाला. चहाचं वर्तुळ.
पेन्सिलीने: गोळ्या बारा. मग खोडून: अकरा, एक टाकीत.
आता दहा करायचे की नाही?
त्याच्या वतीने फासा कोणी टाकायचा?
यशोधन म्हणाला मी नाही. फिरदौसने फासे पुढे सरकवले
आणि परत ओढून घेतले.

बारा वाजून वीस मिनिटांनी ओवीने
कोणालाही न विचारता त्याला मेसेज टाकला:
काल रात्री तू स्वारगेटला होतास का?

खोडरबर माझ्या हातात.
दोन टिका. करड्या. बराच वेळ करड्या.
इम्तियाज दिवा बंद करायला उठला तेव्हा निळ्या.

"कितव्या मजल्यावर?"